मेनफ्रेममधली ‘फ्रेम’ आणि आपला ‘महासंगणक’

बँकेच्या संगणकव्यवस्थेवरच्या मजकुराचं मराठी करताना एका वाचकाला पडलेले प्रश्न असे: ‘मेनफ्रेम’ला ‘महासंगणक’ म्हणावं की ‘बृहत्संगणक’? यातली ‘फ्रेम’ कसली? आणि मराठीत तो मेनफ्रेम की ती मेनफ्रेम?

‘महासंगणक’ नको, हे आधीच सांगून टाकतो. तो शब्द आपण सुपरकॉम्प्युटरला देऊन बसलो आहोत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तेव्हापासून महासंगणक म्हटलं की मराठी वाचकाला परम आणि त्याचे शिल्पकार विजय भटकरच आठवतात. दोन्ही यंत्रं मोठी असली तरी त्यांचे धंदे वेगळे. हवामानाच्या अंदाजासाठी लागणारी अफाट आकडेमोड हे सुपरकॉम्प्युटरचं काम. मेनफ्रेमवर असते खातेवही: हजारो ठिकाणांहून एकाच वेळी येणारे व्यवहार बिनचूक नोंदवायचे आणि मुख्य म्हणजे बंद पडायचं नाही.

आता फ्रेमकडे वळू. ही फ्रेम अगदी शब्दशः आहे, म्हणजे लोखंडी सांगाडा. अगदी सुरुवातीची यंत्रं जागेवरच बांधली जात. एनिॲक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक हे त्याचं ठळक उदाहरण. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून ते अमेरिकी लष्कराच्या ॲबर्डीन तळावर हलवायचं म्हणून नोव्हेंबर १९४६ मध्ये बंद केलं, ते पुन्हा सुरू व्हायला जुलै १९४७ उजाडला. आयबीएम या अमेरिकी कंपनीला मात्र यंत्रं भाड्याने द्यायची होती. गिऱ्हाइकाच्या दारातून आणि लिफ्टमधून आत जाईल असंच यंत्र हवं. म्हणून १९५२ साली जाहीर केलेलं ‘७०१’ त्यांनी सुट्या कपाटांत विभागलं. आकडेमोड आणि नियंत्रण एका कपाटात, स्मृती दुसऱ्यात, कार्ड वाचणारं, छपाई करणारं, चुंबकीय फितीचं, ड्रमचं अशी आणखी वेगवेगळी. वीजपुरवठ्याच्या कपाटांची अधिकृत नावंच ‘पॉवर फ्रेम’ अशी होती. या सगळ्या गोतावळ्यात आकडेमोड करणारं जे मुख्य कपाट, ते ‘मेन फ्रेम’. तेव्हा हे दोन सुटे शब्द होते आणि अर्थ होता एवढाच. नुसती स्मृती घ्या: ७२ नळ्या, प्रत्येकीत १०२४ बिट (शून्य किंवा एक). एवढ्यासाठी एक आख्खं कपाट!

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जिथे सगळ्या तारा येऊन जोडल्या जातात तिलाही ‘मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम’ म्हणतात. आपल्याकडचे लाइनमन तिला एमडीएफ म्हणतात. मेनफ्रेम तिथूनच आला, असं सांगितलं जातं. जोडी मोहात पाडणारी आहे, पण ७०१ च्या कागदपत्रांत सरळ खुलासा मिळत असताना एवढ्या लांब जायची गरज मला वाटत नाही.

खरी गंमत पुढची. बरीच वर्षं ‘मेन फ्रेम’ म्हणजे कुठल्याही संगणकाचा मुख्य खोका. आकाराशी त्याचा संबंध नव्हता. सत्तरच्या दशकात अमेरिकेत हौशी लोक घरी जे छोटे संगणक जुळवत, त्यांचे रिकामे खोकेसुद्धा ‘मेनफ्रेम’ म्हणून विकले जात. आजच्या कानांना हे विचित्रच वाटेल. अर्थ सरकला तो धाकट्या भावंडामुळे. १९६५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचा छोटेखानी ‘पीडीपी-८’ आला, पाठोपाठ ‘मिनी कॉम्प्युटर’ हा शब्द रुळला आणि मोठ्याला वेगळं नाव लागलं. मोबाइल येईपर्यंत घरातल्या फोनला ‘लँडलाइन’ कोण म्हणत होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ आला. आज आपण त्याला बिनदिक्कत मेनफ्रेम म्हणतो, पण तेव्हा नुसतं ‘कॉम्प्युटर’ म्हटलं तरी भागायचं.

१९६४ मध्येच, ७ एप्रिलला, आयबीएमने ‘सिस्टम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. ३६० म्हणजे वर्तुळाचे सगळे अंश: धंदा असो की विज्ञान, सगळ्याला हीच. लहान-मोठी यंत्रं, पण एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावरही चालायची. आजचे आयबीएमचे मेनफ्रेम याच घराण्यातले, त्यामुळे तेव्हाचे वाक्प्रचारही टिकले. पुण्या-मुंबईत ‘तो मेनफ्रेमवर आहे’ याचा अर्थ तो कोबोल (प्रोग्रॅम लिहायची भाषा) आणि जेसीएल (मेनफ्रेमला कामं सोपवायची भाषा) लिहितो. ‘रात्री जॉब अबेंड झाला’ म्हणजे काम अवेळी कोसळलं. ‘सॉक सेव्हन’ आला, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही घुसलं. एस, शून्य, सी, सात हा त्या चुकीचा संकेत. तोच बोलताना सॉक सेव्हन झाला.

तेव्हा माझा कौल ‘मेनफ्रेम’लाच. ‘बृहत्संगणक’ चुकीचा नाही, पण ज्यांच्यासाठी मजकूर लिहायचा तेच तो शब्द वापरत नाहीत. अपवाद एकच: पन्नाशीच्या दशकातलं काही भाषांतरित करत असाल आणि तिथे ‘मेन फ्रेम’ सुटं आलं असेल, तर ‘मुख्य कपाट’ लिहा, नाहीतर अर्थच बदलेल.

लिंगाबद्दल: चष्म्याची फ्रेम ती, फोटोची फ्रेमही ती, म्हणून ‘ती मेनफ्रेम’ म्हणणारे भेटतात. मी ‘तो’ लिहितो, कारण मनात संगणक असतो. अनेकवचनाची अडचण पुल्लिंगात येतच नाही, ‘दोन मेनफ्रेम’ जसेच्या तसे राहतात; ‘ती’ मानली की मात्र ‘दोन मेनफ्रेमी’ की ‘मेनफ्रेम्स’ हा नवा वाद सुरू होतो.