वाचकांचे प्रश्न : एव्हान्स यांची कहाणी, एव्हान्स यांच्याच आवाजात

हॉलिवूडचे निर्माते रॉबर्ट एव्हान्स यांच्यावरील 'द किड स्टेज इन द पिक्चर' या 2002 मधील माहितीपटाची शिफारस आम्ही या सदरात केली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माहितीपट आवडला, पण सुरुवातीचा भाग फार भरभर सरकतो. एव्हान्स मुळात नट होते, व्यापारी होते की निर्माते? आणि माहितीपटाला हे नाव कशावरून पडले? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ते तिन्ही होते, आणि या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात वयाच्या छत्तिशीच्या आतच घडून गेल्या. 1930 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले एव्हान्स आपल्या थोरल्या भावाच्या 'एव्हान-पिकोन' या स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या कंपनीत काम करत होते. 1956 मध्ये बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी जुन्या जमान्यातील अभिनेत्री नॉर्मा शीअरर यांची नजर त्यांच्यावर पडली, आणि आपले दिवंगत पती, म्हणजे एमजीएमचे विख्यात निर्माते अर्व्हिंग थालबर्ग, यांची भूमिका या तरुणाने करावी असे त्यांनी सुचवले. त्यापाठोपाठ हेमिंग्वे यांच्या कादंबरीवरील चित्रपटात त्यांना बैलाशी झुंजणाऱ्या मातादोरची भूमिका मिळाली. मेक्सिकोत चित्रीकरण सुरू असताना सहकलाकारांनी निर्माते डॅरिल झानुक यांना तार करून, हा मुलगा चित्रपटाचे वाटोळे करील, असे कळवले. झानुक तेथे आले, त्यांनी एव्हान्स यांचे काम पाहिले आणि भोंगा हातात घेऊन सर्वांदेखत जाहीर केले की हा पोरगा चित्रपटात राहणार, ज्याला पटत नसेल त्याने खुशाल निघून जावे. माहितीपटाचे, आणि त्याआधी 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हान्स यांच्या आत्मचरित्राचेही, नाव या वाक्यावरून आले आहे. आपल्याला नट व्हायचे नाही, ज्याच्या एका शब्दावर सगळ्यांची तोंडे बंद होतात तो माणूस व्हायचे आहे, हे आपल्याला त्या क्षणी उमगले, असे एव्हान्स सांगतात. अभिनेता म्हणून ते सुमारच होते, आणि हे सांगायला ते स्वतःही कचरत नाहीत.

प्रश्न : निर्मितीचा काहीही अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती पॅरामाउंटसारखी चित्रसंस्था कशी काय सोपवली गेली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पॅरामाउंट त्या वेळी डबघाईला आली होती, हे त्याचे मुख्य कारण. 'गल्फ अँड वेस्टर्न' या उद्योगसमूहाने ती नुकतीच विकत घेतली होती, आणि समूहाचे धडाडीचे मालक चार्ल्स ब्लूडॉर्न यांना जुन्या मुरलेल्या मंडळींपेक्षा नवा माणूस हवा होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे वार्ताहर पीटर बार्ट यांनी एव्हान्स यांच्यावर लिहिलेला लेख ब्लूडॉर्न यांच्या वाचनात आला आणि 1966 मध्ये एव्हान्स यांची नेमणूक झाली. पुढे त्याच बार्ट यांना एव्हान्स यांनी आपल्या हाताखाली आणले. ही दुसरी निवड अधिक शहाणपणाची होती असे आमचे मत आहे, कारण बार्ट यांना लेखनाची उत्तम पारख होती. मात्र माहितीपटात बार्ट यांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही.

पुढच्या आठ वर्षांत 'रोझमेरीज बेबी', 'लव्ह स्टोरी', 'द गॉडफादर' आणि 'चायनाटाउन' हे चित्रपट या संस्थेतून बाहेर पडले. हे सगळे सहजासहजी घडले नाही. सत्तरच्या सुमारास समूहाचे संचालक मंडळ पॅरामाउंट बंद करण्याच्या विचारात होते. त्यांचे मन वळवण्यासाठी एव्हान्स यांनी दिग्दर्शक माइक निकल्स यांच्याकडून स्वतःवर एक छोटी फीत चित्रित करून घेतली. तीत ते कॅमेऱ्याकडे पाहत येऊ घातलेल्या चित्रपटांविषयी संचालकांशी थेट बोलतात. ती मूळ फीत माहितीपटात समाविष्ट आहे आणि ती चुकवू नये. ज्या माणसाला पडद्यावर अभिनय जमला नाही, त्याने स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी केलेला तो अभिनय अस्सल आहे.

प्रश्न : जुनी छायाचित्रे हलताना दिसतात, माणसे पार्श्वभूमीपासून सुटी होऊन पुढे आल्यासारखी वाटतात. हे कसे साधले आहे? आणि सरळ मुलाखती का घेतल्या नाहीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एका छायाचित्राचे संगणकावर अनेक थर केले जातात. माणसाची आकृती कापून वेगळी काढायची, तिच्यामागे पडलेली रिकामी जागा रंगवून भरायची, मग हे थर एकामागे एक, कमीअधिक अंतरावर मांडून त्यांच्यापुढून आभासी कॅमेरा फिरवायचा. जवळचा थर वेगाने आणि दूरचा सावकाश सरकल्यामुळे डोळ्यांना खोलीचा भास होतो. दिग्दर्शक ब्रेट मॉर्गन आणि नॅनेट बर्स्टीन यांनी ही युक्ती इतक्या ऐटीत वापरली की पुढे ती सर्रास वापरली जाऊ लागली, आणि आज दूरचित्रवाणीवरच्या सामान्य कार्यक्रमांतही ती दिसते.

मुलाखती नसण्यामागे केवळ तंत्राचा हट्ट नाही. एव्हान्स यांनी स्वतः वाचलेल्या आत्मचरित्राच्या ध्वनिफिती चित्रपटवर्तुळात हातोहात फिरत होत्या. घोगरा आवाज, मध्येच थांबून टाकलेली शिवी आणि प्रत्येक पात्राची नक्कल, हा सारा ऐवज त्यांत होता. माहितीपट त्याच निवेदनावर उभा आहे. त्यामुळे झानुक असोत, ब्लूडॉर्न असोत की 'गॉडफादर'चे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला असोत, सर्वजण एव्हान्स यांच्याच कंठातून बोलतात. दुसऱ्या कोणालाही साक्षीला बोलावलेले नाही. माहितीपटाची सगळी गोडी येथे आहे, आणि सगळी अडचणही येथेच आहे.

प्रश्न : मग त्यातील किती खरे मानावे? विशेषतः 'गॉडफादर'ची लांबी आपण वाढवायला लावली हा दावा, आणि तो खुनाचा खटला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा प्रश्न माहितीपटाने स्वतःच आपल्यापुढे ठेवला आहे. प्रत्येक कहाणीला तीन बाजू असतात, तुमची, माझी आणि सत्याची, आणि त्यांत खोटे कोणीच बोलत नसते, अशा अर्थाचे एव्हान्स यांचे वचन आरंभीच दाखवले जाते. हे वचन चतुर आहे, कारण ते प्रामाणिकपणाचा आव आणून उलटतपासणी टाळते.

कोपोला यांनी चित्रपट फार आखूड केला होता आणि आपण त्यांना तो पुन्हा वाढवायला भाग पाडले, असे एव्हान्स सांगतात. कोपोला यांनी या श्रेयावर नेहमीच हरकत घेतली आहे. त्यांच्या मते चित्रपट लहान करण्याचा दबाव मुळात संस्थेकडूनच होता. जवळजवळ तीन तासांचा 'गॉडफादर' प्रदर्शित होऊ देणे हा संस्थेच्या प्रमुखाचा धाडसी निर्णय होता, एवढे श्रेय एव्हान्स यांना द्यायला आमची हरकत नाही. संकलनाच्या टेबलावरचे श्रेय मात्र केवळ त्यांच्या शब्दावर त्यांच्या पदरात टाकता येणार नाही.

खटल्याचा भाग अधिक गंभीर आहे. 1980 मध्ये कोकेन बाळगल्याचा गुन्हा एव्हान्स यांनी न्यायालयात कबूल केला, आणि त्या बदल्यात त्यांना अमली पदार्थांविरुद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमाची निर्मिती करावी लागली. त्यानंतर 'द कॉटन क्लब' या चित्रपटासाठी पैसा उभा करण्याच्या व्यवहारात रॉय रॅडिन या मनोरंजन व्यावसायिकाशी त्यांचा संबंध आला, आणि 1983 मध्ये रॅडिन यांचा खून झाला. एव्हान्स यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही, आणि 1991 मध्ये एका स्त्रीसह चौघांना दोषी ठरवण्यात आले. मात्र 1989 मधील प्राथमिक सुनावणीत एव्हान्स यांनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क सांगून बोलण्यास नकार दिला होता. एरवी प्रत्येक प्रसंगातले संवाद तोंडपाठ असल्यासारखे ऐकवणारा हा निवेदक खुनाच्या प्रकरणाविषयी बोलतो तेव्हा वृत्तपत्रांनी केलेल्या बदनामीवर आणि मित्रांनी फिरवलेल्या पाठींवर अधिक रेंगाळतो. मृत माणसाविषयी आपल्याला जवळपास काहीच कळत नाही. दिग्दर्शकांनी एखादा बाहेरचा आवाज आणायला हवा होता तो या ठिकाणी.

प्रश्न : त्यांची सात लग्ने झाली असे वाचले होते. माहितीपटात तर अली मॅकग्रॉ यांच्याखेरीज कोणी दिसत नाही. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. 'लव्ह स्टोरी'च्या नायिकेशी झालेले लग्न आणि पुढे दुसऱ्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या निमित्ताने ती अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांच्याकडे निघून जाणे कथेला सोयीचे होते, म्हणून ते ठेवले. तोवर झालेली बाकीची चार वगळली, आणि शेवटची दोन तर माहितीपट प्रदर्शित झाल्यानंतरची आहेत.

प्रश्न : शेवटी दाखवलेले पुनरागमन खरे आहे का? नव्वदच्या दशकातील त्यांचे चित्रपट काही तितके गाजलेले नाहीत. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी पॅरामाउंटने त्यांना पुन्हा जागा दिली आणि 'स्लिव्हर', 'जेड', 'द सेंट' असे चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले, पण त्यांपैकी एकही 'चायनाटाउन'च्या आसपास फिरकत नाही. 1998 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि बोलणे-चालणे त्यांना नव्याने शिकावे लागले. आमच्या मते त्यांचे खरे पुनरागमन निर्माता म्हणून झालेच नाही. ते आधी आत्मचरित्रातून, मग ध्वनिफितींतून आणि अखेर या माहितीपटातून, स्वतःची गोष्ट सांगणारा माणूस म्हणून झाले. 'व्हॅनिटी फेअर'चे तेव्हाचे संपादक ग्रेडन कार्टर हे माहितीपटाचे एक निर्माते होते, आणि सनडान्स व कान या दोन्ही महोत्सवांत तो दाखवला गेला. ज्या वर्तुळाने एव्हान्स यांना दारे बंद केली होती, तेच वर्तुळ आता त्यांची गोष्ट ऐकायला बसले होते. पॅरामाउंटशी असलेला त्यांचा करार 2019 च्या उन्हाळ्यात संपुष्टात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रश्न : श्रेयनामावलीच्या वेळी बडबड करणारे गृहस्थ कोण? (तेच वाचक)

उत्तर : अभिनेते डस्टिन हॉफमन. 'मॅरेथॉन मॅन'च्या चित्रीकरणादरम्यान त्यांनी एव्हान्स यांची नक्कल केली होती, तिची ती फीत आहे. संपूर्ण माहितीपटात एव्हान्स इतरांच्या नकला करतात. एव्हान्स यांची नक्कल दुसऱ्या कोणी केलेली एवढ्याच भागात दिसते, त्यामुळे नावे सुरू होताच पडदा बंद करू नये.