टीव्हीवर ‘सांगली-साताऱ्यात पाऊस’ सांगतात आणि आमच्याकडे थेंब पडत नाही. रडार असूनही अंदाज का चुकतो?

मी हवामानशास्त्रज्ञ नाही, तासगावकडे बेदाणा करतो. एका एप्रिलात बातम्यांत कोरडं हवामान ऐकलं, वारा खेळावा म्हणून शेडचे पडदे वर गुंडाळले आणि रात्री साडेनऊला वळीव आडवा आत घुसला. बारा दिवस वाळवलेला माल, कडेचे दोन रॅक काळे पडले. त्या रागातून हा विषय वाचायला घेतला.

टीव्हीवर हिरवे-पिवळे-लाल डाग फिरताना दिसतात, ते रडारचं चित्र. तो अंदाज नाहीच. आत्ता, किंवा खरं तर थोड्या वेळापूर्वी, ढगात किती पाणी होतं ते त्यात दिसतं. ‘उद्या पाऊस’ हे वाक्य येतं संगणकावरच्या गणितातून आणि ते अख्ख्या जिल्ह्यासाठी असतं. आता सातारा जिल्हाच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. एका वाक्यात दोघांना काय सांगणार? शिवाय हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात पाऊस. तीन भाग कोरडे राहिले तरी अंदाज बरोबरच! निवेदक हा शब्द घाईत गिळतात, आणि शिव्या खातं हवामान खातं.

रडार सूक्ष्मलहरींचा झोत सोडतं, तो थेंबांवर आपटून परत येतो. किती वेळात आला त्यावरून अंतर कळतं (दीडशे किलोमीटरवरचा ढग असेल तर जाऊन-येऊन सेकंदाचा हजारावा भाग), किती जोरात आला त्यावरून थेंबांचा आकार-संख्या. गंमत अशी की थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर परतीचा जोर चौसष्टपट होतो. त्यामुळे मोजक्या गारासुद्धा चित्रात लालभडक दिसतात. डॉप्लर रडारला परतलेल्या लहरींच्या बदललेल्या वारंवारतेवरून थेंब रडारकडे येताहेत की लांब जाताहेत, हेही समजतं.

आपली खरी अडचण अंतराची आहे. पणजीचं रडार तासगावपासून हवाई अंतराने साधारण १९० किलोमीटर, मुंबईचं कुलाब्याचं साताऱ्यापासून तेवढंच. झोत जमिनीला घासून सोडता येत नाही, जरा वर उचलावा लागतो, आणि खाली पृथ्वी वळत जाते. आपल्यापर्यंत येईतो तो साडेतीन-चार किलोमीटर उंचीवर असतो. घाटातला आषाढातला पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. झोत त्यांच्या डोक्यावरून निघून जातो, त्यामुळे कोयनेला धो धो चालू असताना चित्र जवळजवळ कोरडं दिसू शकतं. जवळचं रडार हवं ते यासाठीच. मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने एक्स-बँड, म्हणजे आखूड लहरींचं, रडार बसवलं ते ढगांच्या अभ्यासासाठी. त्या प्रकाराला जवळचं बारीक दिसतं, पण त्याच्या लहरी जोरदार पावसातच विरतात, त्यामुळे पलीकडचं नीट दिसत नाही.

वळवाचं उलट. तो ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, लांबून झकास दिसतो. पण दुपारी कुठेतरी फुगतो आणि तासाभरात मोकळा होतो. नेमका कोणत्या शिवारात, हे सकाळी कुणीही सांगू शकत नाही. सातच्या बातम्यांतलं चित्र नऊच्या पावसाला काय कामाचं?

म्हणून मी टीव्ही दोन-तीन दिवसांच्या अदमासापुरता पाहतो. शेडवर माल असेल तर संध्याकाळनंतर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रडारची चित्रं दर थोड्या वेळाने उघडतो. चित्रावर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर जुनंच चित्र ताजं समजून बसाल (मी बसलोय). एका चित्राने भागत नाही. लागोपाठ तीन-चार पाहिली की लाल डाग कुठे सरकतोय ते कळतं. मिरजेकडून आपल्याकडे वळला की गड्यांना हाक मारून पडदे सोडतो. गेल्या हंगामात तीनदा उगाच सोडले, गडी वैतागले. चौथ्यांदा गारा आल्या.