मुलाची फी आम्ही भरतो, मग अमेरिकेतलं कॉलेज त्याचे ग्रेड आम्हाला का सांगत नाही?

कारण कायद्याने त्या रेकॉर्डवर हक्क आता तुमच्या मुलाचा आहे. फी कुणाच्या खात्यातून गेली, याने काही फरक पडत नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसात मी काही वर्षं काम केलं. सेमिस्टर संपलं की असे फोन हमखास यायचे. वडील मुलाचा आयडी नंबर, जन्मतारीख सगळं घडाघडा सांगायचे, माझ्यासमोर स्क्रीनवर ग्रेड उघडे असायचे, आणि तरी मला नाहीच म्हणावं लागायचं. फीच्या थकबाकीचा आकडासुद्धा सांगता येत नसे!

हा १९७४ चा कायदा, त्याला तिथे 'फर्पा' म्हणतात. गंमत म्हणजे सिनेटर जेम्स बकली यांनी तो आणला तेव्हा पालकांचाच विचार जास्त होता. शाळा मुलांच्या फायलींत काय लिहून ठेवतात ते आईवडिलांना बघायला मिळत नव्हतं. त्यामुळे शाळेत असेपर्यंत हक्क पालकांचा. मुलगा १८ वर्षांचा झाला, किंवा त्याआधीच कॉलेजात दाखल झाला, की तो हक्क त्याच्याकडे जातो.

अपवाद आहेत. अमेरिकेच्या आयकरात मुलगा तुमच्यावर अवलंबून म्हणून दाखवलेला असेल, तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं. पण द्यायलाच हवी अशी सक्ती नाही, आणि तुम्ही भारतात राहता, अमेरिकेत टॅक्स भरत नाही, म्हणजे हा मार्ग तुमच्या कामाचा नाही. जिवाला धोका असेल, किंवा २१ च्या आतला मुलगा दारू-ड्रग्जच्या प्रकरणात सापडला असेल, तेव्हाही कॉलेज पालकांना कळवू शकतं. तिथेही निर्णय त्यांचाच.

सरळ उपाय म्हणजे मुलाची लेखी संमती. कुठलं रेकॉर्ड, कशासाठी आणि कुणाला दाखवायचं ते लिहून तो सही आणि तारीख टाकतो. बऱ्याच विद्यापीठांत तो पोर्टलवरच तुम्हाला वेगळं लॉगिन उघडून देऊ शकतो आणि फी दाखवायची की ग्रेडही, ते निवडू शकतो. हे बोलणं पहिलं सेमिस्टर सुरू होण्याआधीच करा. नापास झाल्यावर कुठला मुलगा सही देणार? आणि त्याचा पासवर्ड मागून आत शिरू नका. अशी प्रकरणं मी पाहिली आहेत, नंतर मुलगा फीबद्दलही घरी बोलेनासा होतो.

एक गोष्ट मात्र बहुतेक पालकांना माहीतच नसते. कायदा कॉलेजला सांगण्यापासून अडवतो, ऐकून घेण्यापासून नाही. मुलगा बरेच दिवस फोन उचलत नसेल, बोलण्यात काही वेगळं वाटत असेल, तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणाऱ्या, ऑफिसला फोन करून काय खटकतंय ते सविस्तर सांगा. ते तुम्हाला काही सांगणार नाहीत कदाचित, पण कुणाला तरी त्याच्या खोलीवर पाठवून चौकशी करू शकतात, आणि 'घरी फोन कर' असा निरोपही देऊ शकतात.