खालच्या लीगमधला बचावपटू: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर २४ संघ असतात आणि प्रत्येक संघ ४६ साखळी सामने खेळतो. त्याखाली नॅशनल लीग. या भागात खेळणाऱ्या बचावपटूंबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

दर मे महिन्यात क्लब ‘रिटेन्ड लिस्ट’ जाहीर करतात आणि एका दिवसात आठ-दहा खेळाडू बेकार होतात. हे असं का? आणि त्यांना पगार तरी किती मिळतो?

इंग्लंडमधले करार साधारणपणे ३० जूनला संपतात. लीग टूमधल्या बचावपटूचा करार बहुतेक वेळा एक किंवा दोन वर्षांचा असतो. त्यामुळे संघातल्या मोठ्या गटाचे करार दर उन्हाळ्यात एकदमच संपतात. कोणाचा करार अजून बाकी आहे, कोणाला नवा देऊ केला आहे, कोणाच्या बाबतीत क्लबने मुदतवाढीचा हक्क वापरला आहे आणि कोण मोकळा झाला आहे, हे त्या यादीत लिहिलेलं असतं.

खेळाडूने सही करण्याआधी मुदतवाढीचं कलम नीट वाचावं. ‘आणखी बारा महिन्यांचा पर्याय क्लबकडे’ असं लिहिलेलं असेल, तर निर्णय क्लबचा, खेळाडूचा नाही. दुसऱ्या प्रकारात ठरावीक सामने सुरुवातीच्या अकरात खेळले की करार आपोआप वाढतो. हे कलम खेळाडूच्या बाजूचं वाटतं, पण आकडा गाठायला दोन-तीन सामने उरले असताना क्लबला पुढच्या वर्षीचा पगार नको असेल, तर खेळाडू बाकावर जातो. म्हणून आकडा हंगामाच्या मध्यापर्यंत गाठता येईल इतका खाली मागावा, आणि त्यात बदली म्हणून उतरलेले सामने धरले आहेत का ते लिहून घ्यावं.

वयाचाही हिशेब असतो. करार संपलेला खेळाडू २४ किंवा त्याहून मोठा असेल, तर नवा क्लब त्याला फुकट घेऊ शकतो. तो २४ पेक्षा लहान असेल आणि जुन्या क्लबने आधीच्यापेक्षा कमी नसलेला करार देऊ केला असेल, तर नव्या क्लबला भरपाई द्यावी लागते. रक्कम ठरली नाही, तर लवाद ती ठरवतो. बावीस वर्षांच्या मुलाचं दुसऱ्या क्लबात जाणं कधी कधी यामुळेच अडतं.

पगाराचा अंदाज घ्यायला एक जाहीर आकडा उपयोगी पडतो. ऑगस्ट २०२० मध्ये लीग टूच्या क्लबांवर वर्षाला १५ लाख पौंडांची वेतनमर्यादा घातली गेली. लीग वनसाठी ती २५ लाख होती. खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे पीएफएने, त्याविरुद्ध दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने ती मर्यादा रद्द केली. १५ लाख वीस जणांत वाटले, तर माणशी वर्षाला ७५ हजार, म्हणजे आठवड्याला साधारण १,४४० पौंड होतात. पण त्यातच बोनस आणि एजंटची फीही येत होती, वाटणी समान नसते, आणि कित्येक क्लबांचं बजेट या आकड्याच्या आतच होतं. बचावपटूच्या बाबतीत मूळ पगाराखेरीज दर सामन्याचे पैसे, विजयाचा बोनस आणि गोल न खाल्ल्याचा बोनस असतो. दुखापत झाली की हे सगळं थांबतं आणि मूळ पगार तेवढा उरतो. म्हणून आमचा सल्ला असा, की मूळ पगार थोडा जास्त आणि बोनस कमी असा करार घ्यावा. क्लब खालच्या लीगमध्ये गेल्यास पगार किती टक्के कापला जाईल, हा आकडाही आधीच विचारावा.

डॅन बर्नसारखे खेळाडू खालून वर येतात म्हणजे नेमकं काय घडतं? मोठे क्लब त्यांच्यात काय बघतात?

बर्नचा प्रवास सरळ नाही, म्हणून शिकण्यासारखा आहे. ब्लाइदचा हा मुलगा ११ व्या वर्षी न्यूकासलच्या अकादमीतून वगळला गेला. तो डार्लिंग्टनकडून खेळला आणि २०११ मध्ये फुलहॅमने त्याला घेतलं. पण त्याला घडवलं ते लोनवरच्या, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे काही काळ उसना जाऊन खेळलेल्या, सामन्यांनी. २०१२-१३ चा हंगाम त्याने लीग वनमध्ये येओव्हिलकडून खेळला आणि मे २०१३ मध्ये वेंब्लीवरच्या प्ले-ऑफच्या, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या, अंतिम सामन्यात ब्रेंटफर्डविरुद्ध गोलही केला. पुढे विगनबरोबर २०१७-१८ मध्ये लीग वनचं विजेतेपद, मग ब्रायटन, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा न्यूकासल. १६ मार्च २०२५ ला लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याने कॉर्नरवर हेडर मारून, म्हणजे डोक्याने, गोल केला आणि त्याच आठवड्यात वयाच्या ३२ व्या वर्षी इंग्लंडकडून पदार्पण केलं.

टायरोन मिंग्जचीही गत तशीच. साउथॅम्प्टनने सोडल्यावर तो येट आणि चिपनमकडून खेळला. तेव्हा तो गृहकर्ज सल्लागाराची नोकरी करत होता. इप्सविचने त्याला तिथून उचललं.

मोठ्या क्लबचा निरीक्षक अशा मुलाचे सलग सामने बघतो. एका सामन्यात चमकणारा बचावपटू त्याच्या कामाचा नाही. शनिवारी खेळून मंगळवारी रात्री पुन्हा तितक्याच एकाग्रतेने उभा राहणारा, वर्षात चाळीस सामन्यांना उपलब्ध असणारा मुलगा त्याला हवा असतो. म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने लोनचा क्लब निवडताना नाव बघू नये. तिथे आपल्या जागी किती जण आहेत आणि प्रशिक्षकाची खुर्ची किती स्थिर आहे, ते बघावं. तुमची मागणी करून आणणारा प्रशिक्षक ऑक्टोबरमध्ये गेला आणि नव्या प्रशिक्षकाने तीन बचावपटूंची रचना बदलली, की उरलेला हंगाम बाकावर जातो. लोन फसण्याचं हे फार मोठं कारण आहे.

लीग टूमध्ये सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, प्रीमियर लीगपेक्षा वेगळं काय करावं लागतं?

चेंडू हवेत जास्त वेळ असतो. लांब गोल-किक, लांब थ्रो-इन, मध्यरेषेवरून पेनल्टी क्षेत्रात टाकलेली फ्री किक. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, त्यामुळे लांब थ्रो टाकणारा एक खेळाडू असला, तरी प्रतिस्पर्धी तुमच्या गोलरक्षकाला घेरून उभे राहू शकतात.

पहिलं काम उभं राहण्याचं. अंग चेंडूकडे सरळ नको, तिरकं हवं, म्हणजे एका नजरेत चेंडू आणि स्ट्रायकर दोन्ही दिसतात. ज्याच्या पायात चेंडू आहे त्याच्यावर दबाव नसेल आणि त्याने मान वर केली असेल, तर चेंडू सुटायच्या आधीच पाच-सहा पावलं मागे. त्याने पाठ केली किंवा चेंडू मागे दिला, की सगळी रांग एकदम पुढे. बहुतेक बचावपटू मागे जायला शिकतात, पण पुढे यायला आळस करतात. मग मधल्या फळीशी वीस-पंचवीस मीटरची फट पडते आणि हवेतल्या झटापटीनंतर खाली पडणारा चेंडू प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

लांब चेंडू आला की दोघांपैकी एकच सेंटर-बॅक उडी मारतो. दुसरा तिरका आठ-दहा मीटर मागे जातो, जवळचा फुल-बॅक (कडेचा बचावपटू) आत सरकतो आणि एक मिडफिल्डर खाली पडणाऱ्या चेंडूच्या जागी येतो. दोघे एकाच वेळी उडाले की चेंडू डोक्यांवरून निसटतो आणि मागे कोणीच नसतं. हे टाळायला आरोळी हवी, आणि ती चेंडू हवेत असतानाच. हेडर उंच, लांब आणि बाजूला जायला हवा. पेनल्टी क्षेत्राच्या समोर मध्यभागी पडलेला अर्धवट हेडर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेला पास. आणि उंच आलेल्या चेंडूला टप्पा पडू देऊ नका. टप्पा पडला की उंचीचा फायदा संपतो आणि झटापट सुरू होते.

मोठ्या अंगाच्या स्ट्रायकरशी कुस्ती खेळणं ही नवख्याची सवय. त्याला तेच हवं असतं. तो पाठ लावतो, तुम्ही ढकलता, पंच शिट्टी वाजवतो आणि पंचवीस मीटरवर फ्री किक जाते. हात त्याच्या अंगाला हलकेच लागेल इतकं अंतर ठेवा, चेंडू यायच्या क्षणी अर्धं पाऊल मागे घ्या आणि धावत येऊन उडी मारा. उभ्या जागेवरून उडणारा धावत येणाऱ्याकडून हवेत हरतो.

मैदानाचाही भाग आहे. नॅशनल लीगमध्ये कृत्रिम गवत चालतं, लीग टूमध्ये नाही. हॅरोगेटला २०२० मध्ये, सटनला २०२१ मध्ये आणि ब्रॉम्लीला २०२४ मध्ये वर आल्यावर कृत्रिम मैदान काढून गवत लावावं लागलं. कृत्रिम मैदानावर टप्पा ठरलेला असतो. डिसेंबरच्या ओल्या गवतावर चेंडू कधी थांबतो, कधी घसरतो. खालून नव्याने आलेल्या बचावपटूने हिवाळ्यात लांब स्टडचे बूट घालावेत आणि आपल्याच गोलसमोर चेंडू अडवून खेळण्याचा मोह सोडावा.

‘शेवटचा माणूस’ असेल तर लाल कार्ड, हा नियम खरंच आहे का? आणि पिवळ्या कार्डांची बंदी कशी मोजतात?

नियमपुस्तकात ‘शेवटचा माणूस’ असं काही नाही. गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात येण्याची शक्यता आणि बाकी बचावपटूंची जागा व संख्या, या चार गोष्टी पंच बघतो. गोलची स्पष्ट संधी हिरावली, तर लाल कार्ड. पण पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी खरा प्रयत्न करताना फाउल झाला आणि पेनल्टी दिली गेली, तर पिवळं. शर्ट ओढला, तर ही सवलत नाही. म्हणून सुटलेल्या स्ट्रायकरला मागून हात लावण्यापेक्षा त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेणं शहाणपणाचं.

लीग वन आणि टूमध्ये क्लबने पहिले १९ साखळी सामने खेळेपर्यंत पाच पिवळी झाली, तर एका सामन्याची बंदी. ३७ सामन्यांपर्यंत दहा झाली, तर दोन सामन्यांची. चार कार्डं असलेला बचावपटू विसाव्या सामन्यापर्यंत वाद घालणं थांबवतो, ते उगाच नाही. बंदीच्या आठवड्यात जागेवर आलेला दुसरा मुलगा चांगला खेळला, तर ती जागा परत मिळेलच असं नाही.

हेडरमुळे मेंदूला इजा होते असं वाचलं. बचावपटूंना धोका जास्त आहे का?

हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर लोकांच्या साधारण साडेतीन पट आढळलं. २०२१ च्या पुढच्या अहवालात जागेनुसार फरक दिसला. गोलरक्षकांत धोका फारसा वाढलेला नव्हता, बचावपटूंत तो जवळपास पाच पट होता. हे खेळाडू जुन्या पिढीतले आहेत आणि हेडर हेच कारण, असं हा अभ्यास सिद्ध करत नाही. तरीही गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यातला फरक डोळ्याआड करता येत नाही.

२०२१-२२ पासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक संघांना मार्गदर्शक सूचना आहे, की सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरदार हेडर. जोरदार म्हणजे ३५ मीटरपेक्षा लांबून आलेला पास, क्रॉस (कडेने गोलसमोर टाकलेला चेंडू), कॉर्नर किंवा फ्री किक यांवरचा हेडर. अडचण अशी, की कॉर्नरचा बचाव घोटून घ्यायचा दिवस आणि क्रॉसचा सराव एकाच आठवड्यात आले, तर सेंटर-बॅकचे दहा हेडर एका सकाळीच संपतात. त्यामुळे मोजणी माणसागणिक हवी. जागा घेणं आणि पावलांची वेळ यांचा सराव हाताने टाकलेल्या चेंडूवर करावा. आपली मुलं खेळत असतील तर हेही लक्षात घ्या, की इंग्लंडमध्ये सात ते अकरा वर्षांखालील गटांच्या सामन्यांतून मुद्दाम मारलेला हेडर २०२४-२५ पासून टप्प्याटप्प्याने काढला जात आहे.

डोक्याला मार लागल्यावर ‘ठीक आहे’ म्हणून खेळत राहणं हा मोठा धोका. करार संपत आलेला खेळाडू जागा जाईल या भीतीने लक्षणं लपवतो. डॉक्टरचा निर्णय प्रशिक्षकाने बदलता कामा नये, आणि खेळाडूने तो बदलायला सांगू नये.

चौतिसाव्या वर्षी बूट टांगल्यावर पुढे काय?

बहुतेकांना लगेच काम लागतं, कारण साठवलेला पैसा फार काळ पुरत नाही. १९०७ मध्ये स्थापन झालेली पीएफए शिक्षणासाठी अनुदान देते. तिच्या मदतीने सॅल्फर्ड विद्यापीठात फिजिओथेरपीची पदवी घेतलेले माजी खेळाडू बरेच आहेत. प्रशिक्षक व्हायचं असेल, तर यूएफा सी, बी, ए आणि शेवटी प्रो असे परवाने घ्यावे लागतात. सराव दुपारी एकच्या सुमारास संपतो, त्यामुळे अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षापासून अभ्यास सुरू करणं शक्य असतं. करार संपल्यावर सुरू केलं, तर परवाना हातात येईपर्यंत दोन-तीन वर्षं निघून जातात.

माझा मुलगा कोल्हापुरात सेंटर-बॅक खेळतो. शिकायला इंग्लंडला पाठवलं तर तिथे खालच्या लीगमध्ये खेळता येईल का?

व्यावसायिक करारासाठी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते आणि ती गुणांवर ठरते. राष्ट्रीय संघाचं फिफा क्रमवारीतलं स्थान, त्या संघाकडून खेळलेले सामने आणि सध्याच्या लीगचा दर्जा यांचे गुण मिळतात. क्रमवारीत बराच खाली असलेल्या भारताच्या खेळाडूला ते जमवणं फार अवघड आहे. २०२३ पासून लीग वन आणि टूच्या क्लबांना गुण न भरणाऱ्या दोन खेळाडूंपर्यंत सवलत आहे, पण ती जागा क्लब अनोळखी बचावपटूवर सहसा खर्च करत नाहीत. भारताच्या बायचुंग भुतियाने १९९९ मध्ये ‘बरी’ या इंग्लिश क्लबशी करार केला, तेव्हाचे नियम वेगळे होते. डॅनी बाथ आणि मॅल बेनिंग हे पंजाबी वंशाचे बचावपटू इंग्लंडमध्येच जन्मले आणि वाढले. बेनिंगने २०२२ च्या लीग टू प्ले-ऑफ अंतिम सामन्यात पोर्ट व्हेलकडून, आपल्याच जुन्या मॅन्सफील्डविरुद्ध, गोल केला होता.

विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. ‘व्यावसायिक खेळाडू’ या व्याख्येत निमव्यावसायिक पातळीही येते, पैसे मिळोत वा न मिळोत. फक्त येण्याजाण्याचा खर्च देणाऱ्या छोट्या क्लबकडून खेळणं म्हणूनच धोक्याचं आहे, कारण व्हिसा रद्द होऊ शकतो. विद्यापीठाच्या संघात किंवा केवळ हौसेच्या रविवारच्या लीगमध्ये खेळावं. क्लब नोंदणीचा अर्ज पुढे करेल, तेव्हा सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावं.