माळ्यावरची गीतमाला

प्रश्न: बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या बिनाका गीतमालाच्या सात-आठ कॅसेट माळ्यावर सापडल्या. एक लावली तर आवाज लाटेसारखा वरखाली होतोय. खराब झाल्यात का? लॅपटॉपवर कशा घेऊ? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो टाकू नका हं! वरखाली होणं हा बहुतेक कॅसेटचा दोष नाहीच, गीतमाला, म्हणजे हिंदी फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम, यायची श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवरून आणि तेही शॉर्टवेव्हवर, म्हणजे लहरी वर वातावरणाच्या उंच थराला, आयनोस्फिअरला, आपटून आपल्यापर्यंत येणार, त्यामुळे आवाज असा पोहतच यायचा. १९५२ साली आपल्याच मराठी नभोवाणी मंत्र्यांनी, केसकरांनी, आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार केली आणि त्याच वर्षी सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली, मग काय, बुधवारी रात्री आठला सगळे रेडिओला चिकटलेले. मला तर ती खरखर काढूच नये असं वाटतं.

पण सूर ताणल्यासारखा, गाणं सुस्तावल्यासारखं वाटलं तर मात्र प्लेअरचा बेल्ट सैल झालाय, तो बदलून घ्या. आधी हेड, म्हणजे प्लेअरमधला टेपला टेकणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मग हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला, नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आवाज न दाबलेली वेव्ह फाइल ठेवा, एमपीथ्री नंतर करा. आणि मध्येच आईची हाक किंवा कुकरची शिट्टी आली असेल ना, तर ती प्लीज कापू नका.