पॉवर स्टेअरिंगचे ऑइल घरी बदलता येते का? गॅरेजवाले थेट पंप बदलायला सांगत आहेत.

आपण पारोळ्याहून लिहिले आहे की, आपल्या दहा वर्षे जुन्या डिझेल गाडीचे स्टेअरिंग सकाळी वळवताना घूं घूं असा आवाज येतो, टाकीतले ऑइल काळपट झाले आहे, गॅरेजवाले पंपच बदला म्हणतात, तर त्याआधी घरच्या घरी ऑइल बदलून पाहावे का? माझ्या मते अवश्य पाहावे. पंपाच्या किमतीपुढे दोन लिटर ऑइलचा खर्च किरकोळ आहे, आणि पंप खरोखरच गेलेला असला तरी नवा पंप जुन्या, कचरा झालेल्या ऑइलवर चालवणे योग्य नाही. म्हणजे ऑइल बदलण्याचे काम दोन्ही वाटांनी करावेच लागणार आहे. मी जळगावला राहतो आणि घरच्या जुन्या गाडीचे हे काम स्वतःच करतो, त्यामुळे जे सांगतो ते स्वतःच्या हातांखालून गेलेले आहे.

आपल्या गाडीत ऑइलची टाकी आहे म्हणजे तिचे स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते, तिथे ऑइल नसतेच, आणि तरीही लोक बॉनेट उघडून टाकी शोधत बसतात. प्रसंगी ब्रेक ऑइलच्या टाकीलाच हात घालतात, जे फार धोक्याचे आहे. स्टेअरिंगची टाकी ओळखण्याची खूण म्हणजे तिच्या झाकणावरचे स्टेअरिंगच्या चाकाचे चित्र, आणि तिथून निघून पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप.

खरी काळजी घ्यायची ती ऑइल निवडताना. बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल ऑइल, म्हणजे डेक्सरॉन दर्जाचे एटीएफ, चालते. काही युरोपीय गाड्यांना हिरवे सीएचएफ जातीचे हायड्रॉलिक ऑइल लागते. काही कंपन्यांचे स्वतःचे वेगळे ऑइल असते. ही एकमेकांत मिसळू नयेत, आणि केवळ रंग पाहूनही ठरवू नये, कारण रंग हा कंपनीने टाकलेला असतो, तो दर्जाची हमी देत नाही. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा छापला असेल तोच डब्यावर शब्दशः जुळला पाहिजे. दुकानदाराने ‘सगळं एकच असतं भाऊ’ म्हटले तरी मान डोलावू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकू नका: ते ग्लायकॉलवर आधारलेले असते, त्याने स्टेअरिंगची रबरी सिले फुगून खराब होतात आणि मग पंपासकट सगळेच बदलण्याची पाळी येते.

आता काम. घरी करणाऱ्याने मोठा पाइप सोडण्याच्या भानगडीत न पडता टाकीतले ऑइल पुन्हा पुन्हा उपसून नवे भरण्याची पद्धत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकण उघडण्याआधी टाकी आणि आजूबाजूचा भाग ओल्या फडक्याने नीट पुसा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ झाकणाच्या कडेला थरासारखी बसलेली असते, आणि तीच आत पडली तर पंपाला सर्वांत जास्त झिजवते. वारा सुटलेला असताना हे काम करू नये. ऑइल उपसायला जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज घ्यावी आणि तिला सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा जोडावा. महागड्या अवजारापेक्षा ही जोडी टाकीच्या तळापर्यंत सहज पोहोचते. जुने ऑइल उपसा, नवे वरच्या खुणेपर्यंत भरा, इंजिन सुरू करा आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश काही वेळा फिरवा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तिथे ऑइलचा दाब टायरमधल्या हवेच्या सुमारे चाळीसपट होतो, दाब सोडणारी झडप उघडते आणि ऑइल झपाट्याने तापते. नंतर गाडी दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा तेच करा.

हे एकदाच करून का भागत नाही, याचा हिशेब सोपा आहे. समजा, सगळे मिळून एक लिटर ऑइल आहे आणि टाकीत त्याचा एक तृतीयांश भाग मावतो. पहिल्यांदा उपसल्यावर 67 टक्के जुने उरते, दुसऱ्यांदा 44, तिसऱ्यांदा 30, आणि पाचव्यांदा सुमारे 13 टक्के. म्हणून चार-पाच वेळा केल्याशिवाय रंगात खरा फरक दिसत नाही.

एकाच दिवशी सगळे ऑइल काढायचे असेल तर परतीचा पाइप, म्हणजे ऑइल टाकीत परत आणणारा पाइप, टाकीपासून सोडून बाटलीत धरावा लागतो आणि टाकीचे तो पाइप बसायचे तोंड रबरी बुचाने बंद करावे लागते. त्यासाठी पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचललेली हवीत, आणि गाडी जॅकवर नव्हे तर पक्क्या लोखंडी स्टँडवर असली पाहिजे, मागच्या चाकांना दगड लावलेले असले पाहिजेत. सिमेंटच्या पोकळ विटांवर गाडी ठेवणारे मी पाहिले आहेत; त्या विटा एकदम फुटतात, आधी सूचना देत नाहीत. इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग हाताने फिरवावे, म्हणजे रॅकमधला (चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या भागातला) पिस्टनच ऑइल बाहेर ढकलतो. इंजिन चालू ठेवले तर पंप मिनिटाला कित्येक लिटर ऑइल खेचतो, टाकी काही सेकंदांत रिकामी होते आणि पंप कोरडा फिरतो. जुना रबरी पाइप ओढून काढू नका. आधी पिळून सैल करा, नाही तर तो कडेला चिरतो.

कोणत्याही पद्धतीने ऑइल बदलले तरी हवा काढणे आलेच, पण पाइप सोडला असेल तर ते टाळताच येत नाही. चाके उचललेली, इंजिन बंद आणि झाकण उघडे ठेवून स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पातळी उतरेल तसे ऑइल घालत राहा, आणि मगच इंजिन सुरू करा. टाकीत फेस दिसला तर लगेच इंजिन बंद करून तासभर थांबा. पातळी पाहताना झाकणाच्या काडीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतील तर त्यांत गल्लत करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांकडे सरकतो, दुपारी उभ्या गाडीतले ऑइलही फुगलेले असते. त्यामुळे सकाळी लवकर पाहावे आणि थंडची खूण धरावी.

निघालेले ऑइल जुन्या डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. गटारात किंवा बांधावर ओतू नका. वापरलेले ऑइल 2016च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते.

ऑइल स्वच्छ झाल्यावरही आवाज राहिला तर पंपाकडे वळण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, पट्टा: स्टेअरिंग वळवताच किरकिर किंवा चीं असा आवाज येत असेल तर तो बहुधा सैल किंवा झिजलेल्या पट्ट्याचा असतो. दुसरी, टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप. इथे गंमत अशी की हा भाग ओढणाऱ्या बाजूचा असल्यामुळे क्लिप सैल असली तरी खाली ऑइलचा थेंब पडत नाही, उलट आत हवा ओढली जाते आणि पंप नेमका तसाच घूं घूं करतो, जसा आपण वर्णन केला आहे. नवी क्लिप काही रुपयांत मिळते. तिसरी, टाकीच्या तळाशी असलेली जाळी: बऱ्याच गाड्यांत ती टाकीलाच जोडलेली असते, काळ्या गाळाने ती तुंबली तर टाकी धुवावी लागते किंवा बदलावी लागते. पातळी वारंवार उतरत असेल तर आधी गळती शोधा. सिले फुगवणारी गळतीची औषधे बाटलीत विकत मिळतात, पण ती मी वापरत नाही, कारण काही महिन्यांनी गळती परत येते. या तिन्ही गोष्टी ठीक असूनही इंजिनचा वेग वाढवला की आवाज चढतो आणि गाडी जागेवर असताना स्टेअरिंग जड लागते, असे झाले तर मात्र गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि पंप उतरवायला सांगताना पंपातून रॅककडे जाणारा दाबाचा पाइपही त्याच वेळी तपासून घ्या.