त्या चार चादरी

‘ताई, दोन वर्षांपूर्वी ताप आला, तेव्हापासून अंगात त्राण नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. जाऊबाईंनी एका शिबिराला नेलं. तिथे म्हणाले, सासूवरचा राग दाबून ठेवलाय, तोच अंगात मुरलाय. माफ करा, बरं वाटेल. मनापासून माफ केलं. एका रविवारी इतकं छान वाटलं की संक्रांतीची आवराआवर म्हणून चार चादरी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. मंगळवारी पुन्हा आडवी. शिबिरवाले म्हणतात, माफी वरवरची होती. अजून काय करू? हे फार समजूतदार आहेत, फी तेच भरतात.’
– एक वाचक, सोलापूर

सासूबाईंना बाजूला ठेवा. चादरींचं बोलू.

सोलापुरी चादर भिजल्यावर पिळून बघा, धडधाकट माणसाचे खांदे भरून येतात. तुम्ही तशा चार पिळल्या, जिना चढून वर नेल्या आणि मंगळवारी पडलात. या आजाराची खूणच ही आहे. झेपण्यापलीकडे काम झालं की फटका लगेच बसत नाही, बहुधा 12 ते 48 तासांनी बसतो आणि दिवसच्या दिवस टिकतो. मधल्या वेळात बरं वाटतं, म्हणून कारण भलतीकडेच शोधलं जातं. तुमची माफी खरीच होती.

ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेने 2021 मध्ये सांगितलं, की या आजारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नका. बोलण्यातून होणारे मानसोपचार आजार सोसायला मदत म्हणून द्या, बरा करणारा इलाज म्हणून नाही. समुपदेशकाकडे मन मोकळं करावंसं वाटलं तर जरूर जा. पण त्या शिबिराची पायरी पुन्हा चढू नका. अंथरुणाला खिळलेल्या बाईला ‘तुझंच मन साफ नाही’ म्हणतात, याची मला चीड येते.

आणि यजमान? फी भरली, ठीक. रविवारी घरीच असतील ना? मग बादली गच्चीवर कुणी नेली?

आता एवढंच करा. पुढचा बरा दिवस उजाडेल तेव्हा काम अर्ध्यावर सोडा. थकल्यावर नाही, अंगात जोर असतानाच. उरलेलं घरात सगळ्यांना दिसेल असं पडू द्या. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक खुर्चीत बसून बघायची असेल, तर आधीचे दोन दिवस तिळगुळाचे लाडूसुद्धा यजमानांनाच वळू द्या.